टेबलावरचा फोन सभासदाचा आहे



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या बोलण्यातले विषय ठरलेले असतात. टोळ्या किती आल्या, उचल घेऊन किती जणांनी गुंगारा दिला, काटा बरोबर आहे का, उतारा किती बसेल, पहिला हप्ता किती निघेल. पारावर, सोसायटीत, दूध डेअरीवर हेच चालते आणि ते चालायलाच पाहिजे. पण या सगळ्या बोलण्यात एका वस्तूचे नाव कधी निघत नाही. ती वस्तू म्हणजे कारखान्याच्या कचेरीतल्या टेबलावरचा टेलिफोन.

कोणी म्हणेल, "आता हा काय विषय झाला? खिशात मोबाईल आला, टेबलावरचा फोन आता शोभेपुरता." मला हे पटत नाही. त्या फोनमध्ये ज्या दहा-वीस सोयी असतात त्यांचे पैसे कारखाना मोजतो, म्हणजे आपणच मोजतो. आणि सगळ्या सोयींपैकी बहुतेक कचेऱ्यांत वापरल्या जातात त्या दोनच. रिसीव्हर उचलणे आणि रिसीव्हर ठेवणे! बाकीची बटणे धूळ खात बसलेली. ट्रॅक्टर घ्यायचा, आणि पुढे बैल जुंपून तो ओढायचा, असा हा प्रकार आहे.

मोबाईल माणसाचा, टेबलावरचा फोन खुर्चीचा

प्रथम मोबाईलचे बघू. आपल्यापैकी बहुतेकांकडे गटाच्या चिटबॉयचा मोबाईल नंबर असतो. काम चालते. पण चिटबॉयची बदली दुसऱ्या गटाला झाली की तो नंबर त्याच्याबरोबर जातो. नवा येतो त्याचा नंबर मिळेपर्यंत आठ दिवस जातात. तो रजेवर गेला, आजारी पडला, लग्नाला गेला, बॅटरी उतरली, फडात रेंज नाही, असे झाले की सभासदाने कोणाला विचारायचे? मोबाईल हा माणसाचा असतो. टेबलावरचा फोन खुर्चीचा असतो. खुर्चीवर माणूस बदलला तरी नंबर बदलत नाही, आणि त्या नंबरावर उत्तर देण्याची जबाबदारी कारखान्याची असते, एकट्या चिटबॉयची नसते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, पण बोलायला हवी. ज्याची चार ठिकाणी ऊठबस आहे त्याच्या मोबाईलमध्ये संचालकांपासून शेती अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे नंबर असतात. तो थेट फोन लावतो आणि त्याचे काम बसल्या जागी होते. पण ज्या बाईच्या नावावर वीस गुंठे ऊस आहे, मालक वारल्यावर जिने कालपरवा शेअर आपल्या नावावर करून घेतला, तिच्याकडे एकच नंबर असतो, पावतीवर छापलेला. तो फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही, तर तिच्यापुरता कारखाना बंदच. तोडणीचा क्रम नोंदीच्या तारखेप्रमाणे लागावा हे आपण सगळे मानतो. मग चौकशीचा क्रम ओळखीप्रमाणे का लागावा?

फोनच्या या यंत्राचा जन्मच मुळी अशा पक्षपाताच्या संशयातून झालेला आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी गावात आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरविण्याचा व्यवसाय करी. त्या काळी कोणाला फोन जोडायचा हे एक्स्चेंजमध्ये बसलेली बाई हाताने करी. गोष्ट अशी सांगतात, की स्ट्रोजरच्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच एक्स्चेंजवर होती आणि स्ट्रोजरला आलेली गिऱ्हाइके ती आपल्या नवऱ्याकडे जोडून देई. गोष्टीत मीठमसाला असेल, पण स्ट्रोजरने माणसाच्या मध्यस्थीशिवाय आपोआप जोडणी करणारे एक्स्चेंज शोधून काढले हे खरे. त्याचे पेटंट त्याला १८९१ मध्ये मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यात ला पोर्ट गावी असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. यंत्राला ओळख नसते, भाऊबंदकी नसते. जो नंबर फिरवला तोच जोडायचा, एवढेच त्याला कळते.

आपल्याकडे हे खेड्यापर्यंत यायला बराच काळ लागला. ट्रंक कॉल बुक करून पोस्टाच्या कट्ट्यावर बसलेली माणसे अजून हयात आहेत. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असत आणि घाई जितकी जास्त तितका आकार जास्त. पुढे १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. आपल्या हवामानात, एअरकंडिशनशिवाय, उन्हाधुळीत चालेल असे १२८ लाईनींचे ग्रामीण एक्स्चेंज तिने तयार केले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. त्यानंतर गावोगावची एक्स्चेंजे आपोआप चालू लागली. कचेरीतले एक्स्चेंज हे त्याच जातीचे धाकटे भावंड. बाहेरून येणाऱ्या लाईनी थोड्या आणि आतली टेबले पुष्कळ. आतल्या टेबलावरच्या जोडणीला एक्स्टेन्शन म्हणायचे. या दोहोंची सांगड घालणारी पेटी म्हणजे कचेरीचे एक्स्चेंज.

बटणे आणि त्यांचा उपयोग

आता एकेक सोय घेऊ. कंपनी-कंपनीप्रमाणे आकडे आणि बटणे वेगळी असतात, पण काम सगळीकडे तेच.

पहिली सोय होल्ड. सभासद विचारतो, "माझी नोंद किती तारखेची?" कारकुनाला रजिस्टर किंवा कॉम्प्युटर बघायचा असतो. होल्ड दाबले की पलीकडच्याला वाट बघायला लावता येते आणि इकडचे बोलणे त्याला ऐकू जात नाही. आपल्याकडे पद्धत काय? रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवायचा. मग सभासदाला सगळी कचेरी ऐकू येते. चहा कोणी सांगितला, कोणाची रजा मंजूर झाली, आणि "सांग त्याला, साहेब जाग्यावर नाहीत" हेही! साहेब नाहीत असे साहेबांच्याच आवाजात ऐकल्यावर सभासदाच्या मनात काय येत असेल? एक बटण दाबले असते तर कारखान्याची अब्रू वाचली असती. मात्र होल्ड म्हणजे माणसाला लटकवून ठेवणे नव्हे. मिनिटाभरात परत येऊन "बघतोय, थांबा" एवढे म्हणावे. वेळ लागणार असेल तर नंबर घेऊन आपण उलटा फोन करावा.

दुसरी सोय ट्रान्स्फर, म्हणजे आलेला फोन दुसऱ्या टेबलाला देणे. साधारणपणे फ्लॅशचे बटण दाबून दुसऱ्याचे एक्स्टेन्शन फिरवायचे. इथे दोन रीती आहेत. एका रीतीत पलीकडे घंटी वाजली न वाजली तोच आपला रिसीव्हर खाली. सभासद गेला आंधळ्या विहिरीत! तिकडे कोणी आहे का, उचलला का, याची विचारपूस नाही. दुसऱ्या रीतीत आधी त्या टेबलावरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे: "अमुक गावचे अमुक सभासद आहेत, ऊस बिलाचे विचारतात, देतो." तो "द्या" म्हणाला की मग रिसीव्हर ठेवायचा. फरक दहा सेकंदांचा. पण पहिल्या रीतीत सभासदाला आपले रडगाणे चार टेबलांना चार वेळा पहिल्यापासून सांगावे लागते, दुसऱ्या रीतीत एकदाच. माझे म्हणणे असे, की सभासदाचा फोन दुसऱ्या रीतीनेच दिला जावा, आणि एका फोनची बदली एकदाच व्हावी. दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर तो फोन ज्याच्याकडे आहे त्यानेच माहिती काढून सभासदाला कळवावी.

तिसरी सोय शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या टेबलावरून उचलणे. पिक-अप म्हणतात ते हेच. कचेरीत आपण सगळ्यांनी हे दृश्य पाहिले आहे. एका टेबलावर फोन कोकलतोय, शेजारी तिघे बसलेत, आणि कोणी हात लावत नाही. "माझा न्हाई." पण फडात तोडणी थांबवून उभ्या असलेल्या माणसाला कसे कळणार की तो फोन कोणाचा? पिक-अपचा आकडा दाबला की वाजणारा फोन आपल्या रिसीव्हरवर येतो. जागेवरून उठायचेही कारण नाही.

चौथी सोय फोन वळविणे. यात तीन प्रकार असतात: सरसकट सगळे फोन वळविणे, आपला फोन एंगेज असेल तरच वळविणे, आणि पाच-सहा घंट्यांत उचलला नाही तर वळविणे. शेती विभागाला हा तिसरा प्रकार फार सोयीचा, कारण तिथला माणूस निम्मा वेळ शिवारात असतो. फोन टेबलावर न उचलला गेल्यास आपोआप शेजाऱ्याकडे जावा. तो मोबाईलवरही वळवता येतो, पण तिथे एक ध्यानात ठेवावे. बाहेरून आलेला फोन पुन्हा बाहेर पाठवला, की जुन्या पद्धतीच्या जोडणीत दोन बाहेरच्या लाईनी अडकून पडतात. लाईनी थोड्या असतील तर सगळ्यांनी असे करू नये. ज्या एकदोन खुर्च्यांना रात्रीबेरात्री गरज आहे त्यांनीच करावे.

पाचवी सोय तिघांनी एकत्र बोलणे, म्हणजे कॉन्फरन्स. सभासद म्हणतो गाडी आलीच नाही. वाहतूकदार म्हणतो आलो होतो, पण फडाला वाट नव्हती. चिटबॉय म्हणतो दोघांनाही सांगितले होते. तिघांशी तीन वेळा बोलायचे म्हटले तर दिवस जातो आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते. तिघांना एका लाईनीवर घ्या, पाच मिनिटांत खरे काय ते बाहेर येते. समोरासमोर खोटे बोलणे जड जाते, बघा.

एरलांगचे गणित

आता ज्या सोयीसाठी मी हे सगळे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. एका नंबराखाली पुष्कळ टेबले बांधता येतात. त्या नंबरावर फोन आला की यंत्र मोकळे टेबल शोधते आणि तिथे घंटी वाजवते. पहिले एंगेज असेल तर दुसरे, दुसरे एंगेज असेल तर तिसरे. याला हंटिंग म्हणतात. यातही दोन तऱ्हा आहेत. नेहमी पहिल्या टेबलापासूनच शोध सुरू केला तर पहिल्याच माणसाच्या डोक्यावर सगळा भार पडतो. फिरत्या पाळीने शोध घेतला तर सगळ्यांना सारखे काम येते. पाळी म्हणजे काय हे ऊसवाल्याला निराळे सांगायला नको.

याचा फायदा किती, याचे गणित शंभर वर्षांपूर्वीच झालेले आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचे गणिती होते. फोन किती येतात, बोलणे किती वेळ चालते आणि त्यावरून लाईनी किती लागतील, याचा अभ्यास त्यांनी केला. १९०९ मध्ये त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि १९१७ मध्ये त्यांची सूत्रे. टेलिफोनवरील वर्दळीच्या मापाला आजही एरलांग हेच नाव आहे.

त्यांच्या सूत्राने आपण एक हिशेब करून बघू. समजा हंगामातल्या ऐन गर्दीच्या तासात शेती विभागाला १०० फोन येतात आणि प्रत्येक बोलणे सरासरी ३ मिनिटे चालते. म्हणजे ३०० मिनिटे, अर्थात ५ तासांचे बोलणे एका तासात. बोलायला १० माणसे, १० फोन. वरवर पाहता निम्मी माणसे रिकामी राहतील असे वाटते. पण प्रत्येकाचा नंबर वेगळा ठेवला आणि फोन सगळ्यांत सारखे वाटले गेले असे धरले, तरी १०० पैकी ३३ जणांना फोन एंगेज लागतो. तेच पाच-पाच टेबलांचे दोन गट केले तर सुमारे ७ जणांना एंगेज लागतो. आणि दहाही टेबले एकाच नंबराखाली आणली, तर २ जणांनाही नाही! (फोन ज्याच्या-त्याच्या सवडीने येतात आणि एंगेज लागलेला माणूस लगेच पुन्हा फिरवत नाही, असे या हिशेबात धरले आहे.)

माणसे तीच, फोन तेच, पगार तोच. नवा पैसा खर्च नाही. फक्त ज्याचे-त्याचे वेगळे ठेवायचे सोडून एकत्र आणले, आणि रिकाम्या हाताने परत जाणारे ३३ जण २ वर आले. सभासद मंडळी, हे वाचून तुम्हाला काही ओळखीचे वाटत नाही का? ज्याने-त्याने आपले गुऱ्हाळ लावायचे, की सगळ्यांनी मिळून एक कारखाना काढायचा, याचेच हे उत्तर आहे. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात पहिला सहकारी कारखाना चालू झाला तो याच हिशेबावर. आपण उसाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य केले ते कचेरीतल्या फोनच्या बाबतीत का मान्य करू नये?

यावर कर्मचारी बंधू म्हणतील, "दुसऱ्याच्या गटाची माहिती मी कुठून देऊ?" शंका रास्त आहे. पण नोंदीची तारीख, जात, क्षेत्र, वजन, बिलाची तारीख हे आता कोणा एकाच्या वहीत नसते, कॉम्प्युटरवर असते. ते दहाही टेबलांवर दिसायची व्यवस्था केली तर दहापैकी आठ चौकश्यांचे उत्तर कोणीही देऊ शकेल असे मला वाटते. राहिलेल्या दोन संबंधित गटाला द्याव्यात. मुळात चौकश्या त्याच त्या असतात: टोळी कधी, गाडी कधी, वजन किती, बिल कधी.

रात्रीचा फोन

दिवसाचे झाले. पण ऊस काही दहा ते सहा या वेळेत अडचणीत येत नाही. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि रात्री दोन वाजता उभा फड पेटतो. जळिताचा ऊस पाळी सोडून लवकर तोडावा लागतो, कारण तासागणिक त्याचे वजन आणि त्यातली साखर कमी होत जाते. साधा तोडलेला ऊससुद्धा २४ तासांत गव्हाणीत पडावा असे सांगतात, मग जळिताची काय कथा! २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरवला, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. समजा ५० टन उसात नुसती ४ टक्के घट आली. दोन टन गेले, सात हजारांवर पाणी पडले, आणि शिवाय जळिताची कपात वेगळी. असा सभासद रात्री फोन करतो तेव्हा कचेरीत घंटी वाजत राहते आणि ऐकायला कोणी नसते.

बहुतेक एक्स्चेंजांत यासाठी नाईट सर्व्हिसची सोय असते. संध्याकाळी एक आकडा दाबला की बाहेरचे सगळे फोन ठरवलेल्या टेबलावर जातात. हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चालतो. टाईम ऑफिस, काटा, केनयार्ड इथे रात्रभर माणूस जागा असतो. त्याच्याकडे फोन वळवा, एक जळीत-वही त्याच्याजवळ द्या, आणि फोन कोणाचा, गाव कोणते, क्षेत्र किती, वेळ काय, एवढे लिहून घ्यायला सांगा. सकाळी शेती अधिकाऱ्याच्या टेबलावर ती वही पहिली असावी.

जाता जाता यंत्राच्या प्रकृतीविषयी. जुन्या तारेच्या साध्या फोनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा प्रवाह तारेतूनच मिळत असे, म्हणून गावात लाईट गेली तरी फोन चाले. कचेरीच्या एक्स्चेंजचे तसे नाही. त्याला आपली वीज आणि आपली बॅटरी लागते. बंद हंगामात टर्बाईन थांबलेले असते, आणि वळवाच्या पावसात वीज गेली की फोनही मुका होतो. बॅटरी सुस्थितीत ठेवणे, अर्थिंग तपासणे, वीज पडली तर बचाव करणारे साधन बसवणे, उंदरांनी कुरतडलेली केबल बदलणे ही कामे बॉयलरच्या ओव्हरहॉलिंगबरोबरच व्हावीत.

सोयीचा दुरुपयोगही होतो

प्रत्येक सोयीला दुसरी बाजू आहे. "मला त्रास देऊ नका" असे सांगणारे एक बटण या फोनवर असते. ते दाबले की त्या टेबलावर घंटीच वाजत नाही. मीटिंग असताना अर्धा तास ते जरूर दाबावे. पण हंगाम सुरू झाल्यावर दाबलेले बटण पट्टा पडेपर्यंत तसेच राहिले तर काय म्हणावे? तसेच फोन वळवायची सोय. अ ने ब कडे वळवला, ब ने क कडे वळवला, क रजेवर. सभासदाने या साखळीचा शेवट कुठे शोधायचा?

दुसरे, आपोआप बोलणारी बाई. "ऊस नोंदीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा." याला माझा विरोध नाही. त्याने ऑपरेटरचे काम हलके होते. पण त्याला मर्यादा हवी. पर्याय तीन-चारच असावेत, बोलणे आपल्या साध्या मराठीत असावे, आणि जो काहीच दाबणार नाही त्याचा फोन आपोआप जित्या माणसाकडे जावा. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने कानाला लावलेला फोन खाली घेऊन, चष्मा शोधून, दोन दाबेपर्यंत ती बाई "धन्यवाद" म्हणून मोकळी झालेली असते!

तिसरे, हिशेब. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोनची नोंद होण्याची सोय असते. कोणत्या वेळी आला, कोणत्या टेबलावर वाजला, किती वेळ वाजला, उचलला का, किती वेळ बोलणे झाले. काय बोलणे झाले हे त्यात नसते, तेव्हा कोणी भिण्याचे कारण नाही. आजवर या नोंदीचा उपयोग कुठे झालाच तर कर्मचाऱ्याने बाहेरगावी किती फोन केले हे बघण्यासाठी झाला. माझे म्हणणे, तो कागद उलटा करून वाचा. सभासदांचे किती फोन न उचलता गेले, ते बघा. काट्यावर वजनाची पावती मिळते म्हणून आपला काट्यावर विश्वास बसतो. फोनचाही असाच काटा त्या पेटीत तयार आहे.

आपणही काही शिकावे

सगळा दोष कचेरीवर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. आपणही फोन कसा करतो ते आठवा. "हॅलो, कोण बोलतंय?" असे आपणच विचारायचे, आपले नाव सांगायचे नाही, मग "ओळखलं का?" म्हणून परीक्षा घ्यायची. पलीकडच्या माणसाला आपला आवाज पाठ नसतो. फोन लागला की आधी नाव, गाव, सभासद क्रमांक सांगावा, नोंदीची पावती हातात धरूनच फोन करावा, आणि एका फोनमध्ये एक काम विचारावे. उत्तर देणाऱ्याचे नाव विचारून तारखेसह पावतीच्या पाठीमागे लिहून ठेवावे. शिवीगाळ करू नये. टोळी पळाली यात फोन उचलणाऱ्या मुलीचा काय दोष? आणि पाच मिनिटांत काम झाले नाही की लगेच संचालकांना फोन लावायची सवय सोडावी. त्याने आपले काम होते, पण रांगेतल्या दुसऱ्याचे मागे पडते.

बिलाची चौकशी मात्र संकोच न करता करावी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्याप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज देणे येते. बिल कधी, हे फोनवर विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. ज्याने विचारले त्याला तारीख सांगितली गेली पाहिजे, आणि तारीख ठरली नसेल तर "ठरली नाही, अमक्या दिवशी पुन्हा विचारा" असे सरळ सांगितले पाहिजे. खोट्या वायद्यापेक्षा सरळ नकार सभासदाला परवडतो.

संचालक मंडळापुढे मागण्या

मा. संचालक मंडळाने या हंगामापुरता तरी पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी माझी सूचना आहे.

एक, शेती विभागाची सर्व टेबले एका नंबराखाली फिरत्या पाळीने बांधावीत, आणि तो एकच नंबर पावतीवर, गटऑफिसच्या फलकावर आणि या अंकाच्या मलपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापावा.

दोन, न उचललेला फोन सहाव्या घंटीला पुढच्या टेबलावर जाईल आणि शेवटी ऑपरेटरकडे परत येईल, अशी रचना एक्स्चेंज बसवणाऱ्याकडून करून घ्यावी. जुन्या एक्स्चेंजातही ती बहुधा होते, नवे यंत्र घ्यायची घाई करू नये.

तीन, हंगामात संध्याकाळनंतर नाईट सर्व्हिस चालू असावी आणि तिथे जळीत-वही असावी.

चार, बॉयलर पेटण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना एक दुपार यासाठी द्यावी. होल्ड, ट्रान्स्फर, पिक-अप आणि वळविणे या चार गोष्टी प्रत्येकाने हाताने करून बघाव्यात. आपल्या एक्स्चेंजचे आकडे एका कार्डावर मराठीत लिहून ते प्रत्येक फोनखाली चिकटवावे. शिकवले नाही आणि मग येत नाही म्हणून रागावणे, हा कर्मचाऱ्यांवरही अन्यायच आहे.

पाच, किती फोन आले आणि त्यांतले किती न उचलता गेले, हे दोन आकडे दर महिन्याला मंडळाच्या सभेत वाचले जावेत आणि या अंकात गाळपाच्या आकड्यांशेजारी छापले जावेत. नावे नकोत, टेबल क्रमांकही नकोत, नुसते दोन आकडे पुरेत. पुढच्या महिन्यात दुसरा आकडा कमी झाला की नाही ते आपण सगळे बघू.

यातली पाचवी मागणी कोणाला बोचेल याची मला कल्पना आहे. पण रोजचे गाळप, साखर पोती आणि उतारा आपण फळ्यावर लिहितो. आकडा घसरला तर सगळ्यांसमोर घसरतो, आणि त्यामुळेच तो सुधारायची धडपडही होते. किती सभासद फोन करून उत्तराविना राहिले, हाही उताऱ्याचाच एक आकडा आहे. तो फळ्यावर येऊ द्या. येत्या वार्षिक सभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्या सभासदांना तो पटत असेल त्यांनी आपली सही जोडावी, आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी याच पानावर उत्तर लिहावे.

— एक ऊस उत्पादक सभासद